हिरवा ठिपका आणि काठोकाठ भरलेला पेला

कोचकोर,
मेंढ्या डोंगरावरून उतरल्या तो आठवडा

परम आदरणीय जुमाकादिर मामांना,

तुमच्या मधल्या बहिणीच्या मुलाचा, तिलेकचा, दोन्ही हात छातीशी धरून सलाम. जनावरं बरी आहेत? माणसं बरी आहेत? (बिश्केकला तुमच्या गॅरेजात जनावर म्हणावं असं एक मांजर तेवढं आहे हे मला ठाऊक आहे, पण आधी जनावरांची चौकशी केल्याशिवाय माझ्या हातून माणसांची होत नाही.) मामींचा गुडघा आता वाकतो का? आणि तुमची ती डावीकडची दाढ कशी आहे? त्या दिवशी बुरुलकान मावशीकडे मेंढ्याचं डोकं तुमच्या पुढ्यात आलं तेव्हा तुम्ही उजव्याच बाजूने चावत होता, ते माझ्या लक्षात आलं होतं. त्या दिवसाचा विषय मी इतक्यात काढणार नव्हतो, पण निघालाच आहे तर आता मागे हटत नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्याकडे फोनवर बोललेलं तुमच्या आधी कुंपणापलीकडे पोचतं. म्हणून हे पत्र मिनीबसवाल्याच्या हाती देतोय.

मामा, मला फार वाईट वाटतंय. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी विषयांतर करणार हे तुम्हीही जाणता आणि मीही.

त्या दिवशी तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर मला विचारलंत, "अरे, पण तू नेमकं केलंस काय?" तेव्हा माझ्या तोंडात घास होता आणि नंतर मान वर करायची सोय राहिली नाही. आता सांगतो. गावातल्या बायकांचं, लोकर लाटून केलेल्या नमद्याच्या वस्तूंचं ते इंटरनेटवरचं दुकान आहे ना, त्याची माहिती चार ठिकाणी पडलेली असते. ऑर्डरी दुकानात, लोकरीचा हिशेब आईच्या फोनमध्ये, पार्सलं कुठवर पोचली ते कुरियरवाल्याकडे आणि पैसे बँकेत. मी दर शनिवारी हे सगळं एका जागी उतरवून काढायचो, आणि उतरवून होईपर्यंत ते शिळं व्हायचं. विकून गेलेल्या शिरदाक गालिच्याला बायका गोंडे लावत बसायच्या. मग बिश्केकच्या वर्गात मला डेटा व्हर्च्युअलायझेशन नावाचा प्रकार कळला. नाव भलतंच भारदस्त आहे, पण गोष्ट आजोबांची आहे. आजोबा टेकडीवर बसून दुर्बिणीतून तिन्ही कुरणं बघायचे. मेंढ्या मोजायला घरी हाकून आणायचे नाहीत. (तोच कल्पाक डोक्यावर घालून, ज्यावर तुमचा डोळा आहे आणि जो मावशीने पेटीत कुलूप लावून ठेवलाय.) तसंच हे. माहिती जिथे आहे तिथेच राहू द्यायची, आणि एका खिडकीतून सगळीकडचं या घडीचं बघायचं. दुकानाकडून परवानगीची किल्ली घ्यायची, ती खिडकीला लावायची, की झालं. झालं म्हणजे, पहिले कितीतरी दिवस किल्ली लागेचना, आणि आई रोज विचारायची, "काय रे, कुलूपवाल्याला बोलावू का?"

शेवटी लागली. सगळ्या बायकांच्या फोनवर खिडकी उघडली. आणि मामा, त्या खिडकीत काहीच हलेना! आमच्यासारख्या दुकानात एक शिरदाक जायला महिना लागतो. ताज्या माहितीतून ताजा शुकशुकाट दिसत होता. बायका एकदा बघायच्या, फोन खाली ठेवायच्या आणि लोकर पिंजायला लागायच्या. इतकी मेहनत करून आपलं कौतुक होईना, हे मला सहन झालं नाही. दुकानाच्या माहितीत आणखी एक रकाना होता. गिऱ्हाइकाने वस्तू बास्केटमध्ये टाकली, अजून पैसे भरलेले नाहीत, असा. तोही मी खिडकीला जोडला आणि त्या वस्तूपुढे हिरवा ठिपका उमटेल अशी सोय केली. आता खिडकी जिवंत वाटू लागली. ठिपके उमटायचे, विझायचे. त्याचा अर्थ कोणी विचारला नाही आणि मी सांगितला नाही. माझी माती इथेच झाली.

पुढचं तुम्ही निम्मं पाहिलंत, निम्मं ऐकलंत. मावशीच्या लाल-काळ्या शिंगांच्या नक्षीच्या मोठ्या शिरदाकापुढे ठिपका उमटला. ज्याच्यावर तिचे दोन हिवाळे आणि डोळ्यांची निम्मी नजर गेली, तोच. शेजारच्या आयझिरेकने ठिपका पाहिला आणि चूल तशीच टाकून ती धावत सुटली, "सुयुंचू! मावशी, सुयुंचू!" आता चांगली बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं, त्यात हात आखडता घेणारं माणूस आपल्या घरात जन्मलेलं नाही. मावशीने डोक्यावरचा नवा रुमाल सोडून तिला दिला. तोवर दुसरी आली, तिसरी आली, तिसरीची सासू आली. ताज्या माहितीतली ही खोट मला त्या वर्गात कोणी शिकवली नव्हती. पूर्वी बातमी एकाला आधी कळायची, दुसऱ्याला मागाहून. इथे सगळ्यांना एकाच क्षणी कळली, आणि प्रत्येकीचं म्हणणं की पहिली मीच, पण वाटेत कुत्रं आडवं आलं. मावशीने भांडण मिटवलं. सगळ्यांनाच दिलं. (मावशीची चांगली चहादाणी आता त्या सासूकडे आहे. चहा ओतताना ती अजून माझ्याकडे बघून हसते.) मग मेंढा कापला, तुम्हाला बोलावलं, आणि मी मूर्खाने पाहुण्यांना दिसावी म्हणून ती खिडकी टीव्हीवर लावून ठेवली.

तुम्ही डोक्याचं मांस कापून वाटत होता. मेंढ्याचा कान माझ्या वाट्याला आला होता. तेवढ्यात ठिपका विझला. मावशीला वाटलं टीव्ही बिघडला; तिने त्याला बाजूने एक चापट दिली. टीव्ही ठणठणीत होता. शिरदाकाच्या दोन ओळी खाली दुसरा ठिपका उमटला, माझ्या आईने उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेल्या सपातांपुढे. आणि आयझिरेक, सवयीने, भरल्या ताटावरून उठून आईकडे वळून ओरडली, "सुयुंचू!"

"तिलेक," मावशी म्हणाली, "विकला गेला होता ना रे?"

"बास्केटमध्ये होता, मावशी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... हातात घेऊन बघत होते."

"बाजारात हातात घेऊन बघणाऱ्या प्रत्येकासाठी मी मेंढा कापू का रे, मेल्या?"

आणि मामा, तुम्ही हसलात. सगळेच गालात हसत होते, पण तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. मला दोष द्यायचा नाही. त्या सपाता बघून मलाही हसू फुटत होतं. पण तिने तुमच्याकडे पाहिलं ते मी विसरलो नाही. "हस, जुमा, हस," ती म्हणाली. "खरी बातमी आणून दाखव, बाबांचा कल्पाक माझ्या हाताने तुझ्या डोक्यावर घालीन. आणि खोटी घेऊन जो कोणी दारात येईल, त्याच्यासाठी लोकर पिंजायची काठी आहे."

त्यानंतर तिने शिरदाक गुंडाळला, लोकर लाटायची बोरूची चटई आढ्याला टांगली आणि सांगून टाकलं की आता नमद्याला हात लावणार नाही. तिला वाटतं, गाव तिच्या हाताच्या कामाला नाही, तिच्या घाईला हसलं. दोन हिवाळे वाकून जे केलं, त्याची किंमत एक जोड सपाता. असं नाही ते, मामा! गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडे बघून कात्री धरायला शिकल्या. पण हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? परवा माफी मागायला गेलो. तिने बसवलं, पाव पुढे केला, मुरंबा पुढे केला, आणि चहाचा पेला काठोकाठ भरून दिला. काठोकाठ, मामा! लहानपणापासून तिच्या हातचा अर्धाच पेला मिळत आला, म्हणजे पुन्हा माग, बसून राहा. मी तो भरलेला पेला भाजत-भाजत संपवला आणि निघालो. वाटेत रडलो, हेही लिहितो. वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलं असं आईला सांगितलंय.

बास्केटचा रकाना मी त्याच दिवशी तोडला. दुसऱ्या दिवशी अख्खी खिडकी तोडली असती तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं, कारण मावशीने फोन पिठाच्या डब्यात टाकलाय आणि बाकीच्या तिच्यासमोर फोन काढत नाहीत. असो. तुम्ही मुळीच काळजी करू नका आणि इकडे यायची तर अजिबात तसदी घेऊ नका. घाटात बर्फ पडायला लागलाय, आणि मावशी तुम्हाला दारात तरी उभं करील का, शंकाच आहे. मामींना सलाम. मांजरालाही.

तुमचा, भाजलेल्या जिभेचा भाचा,
तिलेक

ता. क. : ताबडतोब निघा. काल त्या शिरदाकाची खरी ऑर्डर आली. पैसे भरून, पत्ता देऊन. बेल्जियमची कोणी एल्विराबाई आहे. आयझिरेकने ती पाहिली आणि घाबरून फोन उशीखाली ठेवला. आख्ख्या गावाला ठाऊक आहे, फक्त जिचं आहे तिला ठाऊक नाही. त्या काठीसमोर जायची कोणाची छाती होत नाही. भाच्याने मागितलेलं मामाने द्यायचं असतं, तो हक्क मी आज वापरतोय. दारात उभं राहून 'सुयुंचू' म्हणायला या.

ता. क. दुसरा : मामा, तुम्ही एवढं हसलात, पण खिडकी म्हणजे काय हे तुम्हालाही कळलेलं नाही. ती दुकान आणि कुरियर एकाच ओळीत दाखवते. बेल्जियमच्या एल्विराबाई आपलं पार्सल बिश्केकच्या टायरबाजारामागच्या गॅरेजात का मागवतात, आणि ते मांजर असलेल्या दाराशी ठेवा असं का लिहितात, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून मी इतके दिवस राबलो. काल बसून, कोणाच्या नजरेस पडायच्या आत, तो पत्ता सगळ्यांपासून झाकला. शिरदाक बहिणीसाठी घेतलात की कल्पाकासाठी, तेही विचारणार नाही. मावशीला वाटू दे की तिच्या हाताची ओढ बेल्जियमपर्यंत गेली.

ता. क. शेवटचा : कल्पाक तुम्ही घ्या. फक्त ती तो तुमच्या डोक्यावर घालत असेल तेव्हा मला अंगणातून आत बोलवा, आणि चहा ओतायला घेईल तेव्हा, अर्धा पेला झाला की, काहीतरी बोलून तिचा हात थांबवा.