रुखवतातले सरगुंडे

आबा, आज तुमची पसरट लोखंडी कढई खाली काढली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती परसातल्या गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे. कधी तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली, कधी सासूबाईंनी गोवऱ्या भरल्या, पण चुलीवर ती एकदाही चढली नाही. तळाला गंज धरला होता. विटकरीचा तुकडा आणि राख घेऊन घासायला बसले आणि हात दुखेपर्यंत तुम्हाला बोल लावले. लेकीला लग्नात कढई देतं का कुणी, तीही लढाईवरून आणलेली? लोक पितळी घागर देतात, पाटल्या देतात. पोत्यात गुंडाळून तुम्ही ती बैलगाडीत माझ्या पायाशी ठेवलीत आणि म्हणालात, "असू दे. कवा तरी भूक लागंल."

आता खरं काय ते सांगते. तुमच्या जावयांनी दुसरं लग्न केलं. मला विचारलं नाही, सांगितलं. गिरणीतून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "मैंदर्गीचं स्थळ आलंय, आई हो म्हणाली आहे." माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी त्यांना दिला. दुसरं काय करणार होते? इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही. नवस झाले, अंगारे झाले, इस्पितळातल्या मडमेला दाखवून झालं. सासूबाई मनानं दुष्ट नाहीत, पण आता त्या मला नावानं हाक मारत नाहीत. "अगं ए" म्हणतात. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना पाणी द्यायला मीच होते. कोण ही म्हणून एका बाईनं विचारलं, तर दुसरी म्हणाली, "ती आधीची." झालं. आता माझं नाव तेच.

तुम्ही लढाईवरून आलात तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही खेचरांच्या तांड्याबरोबर समुद्रापलीकडं गेला होतात, कुठं ते तुम्हालाही धड सांगता येत नसे. परत आलात आणि होटगीला रेल्वेत सांधेवाले झालात. बोलायचा नाहीत. आईनं वाढलेलं निम्मं ताट तसंच सोडून उठायचा. आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "माणूस आला, पर त्याचं प्वाट तिकडंच ऱ्हायलं." मग एका रविवारी तुम्ही परसात तीन दगड मांडले आणि ही कढई ठेवलीत. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, तिच्या चुलीला कोंबडी-मटणाचं वशाट लागायचं नाही. म्हणून जे काय होईल ते बाहेर आणि या एकाच भांड्यात, दुसरं भांडं ती देईचना. मी तुमच्या शेजारी उकिडवी बसले आहे, धूर डोळ्यात जातो आहे, आणि तुम्ही किती तरी महिन्यांनी आपणहून बोलता आहात. करडईचं तेल घालता, पण म्हणता की तिकडचं तेल हिरवं असतं, कडवट फळाचं. ठेचलेला लसूण घालता, मग कोंबडीचे तुकडे, ते तांबूस होईपर्यंत हलू देत नाही. रेल्वेच्या साहेबाच्या माळ्याकडून मागून आणलेले टमाटे हातानंच कुस्करता. ओव्याची पानं चुरडून टाकता, कारण तिकडच्या डोंगरावरच्या पाल्याला असाच वास होता. हळद नाही, काळा मसाला नाही. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणते, "आजाऱ्याला करताय व्हय, दाजी?" तुम्ही हसता. तुम्हाला हसताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. बर्फात अडकून तुमची तुकडी एका गावात थांबली होती. तुम्हाला ताप होता. एका म्हातारीनं घरात घेतलं, तुमची बोली तिला नाही, तिची तुम्हाला नाही. तिनं अशाच पसरट कढईत कोंबडी केली आणि वरून कणकेच्या वाळलेल्या पोकळ नळ्या टाकल्या. "पोरी, म्या बगितलं आन् मला रडूच फुटलं. तुज्या आईचे सरगुंडे की गं! हितं कुटनं आले म्हनलं." आपल्याकडं बायका काडीवर कणकेची वळी गुंडाळतात, काडी काढून घेतात, नळ्या वाळवतात आणि दुधागुळात शिजवतात, ते सरगुंडे. सवाष्णीनं करायचं, लग्नाच्या रुखवतात मांडायचं शुभाचं पक्वान्न. ते तुम्ही कोंबडीच्या रश्शात सोडलेत! "पळी घालायची न्हाय, मोडत्यात. कढई धरून नुसती हालवायची. पानी बोटभर वर ऱ्हायलं पायजे, मग झाकन." आणि निघताना त्या म्हातारीनं ती कढईच तुमच्या गळ्यात मारली होती. आपण दोघं एकाच कढईत जेवलो. नळीत रस्सा भरलेला असायचा, चोखला की जीभ भाजायची. आई दारात पाठ करून बसलेली असायची, पण उठून आत जायची नाही.

मला शाळेत घातलंत तेही त्यातूनच. लढाईवर तुम्हाला येणारं पत्र दुसऱ्यानं लिहिलेलं, दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं. "लेकीनं सोता लिवल्यालं एक पत्र यावं की मला," म्हणायचा. बघा, लिहिते आहे.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीचं आठवतं? गावातल्या बायकांनी अख्खा उन्हाळा बसून रुखवत केलं होतं. सरगुंड्यांची टोपली वेगळी, वरून लाल कापड बांधलेलं. दुपारी आई पाहुण्यांत गुंतली होती. तुम्ही मला हळूच परसात बोलावलंत आणि बघते तर काय, कढई चढलेली आणि टोपलीतले सरगुंडे तिच्यात. "उद्या तू जानार. आज येकदा संगं जेवू." मी किती हसले, आबा. नवरीला हळद लागलेली, बोटं रश्शात माखलेली. तेवढ्यात आई आली. तिनं कढईत पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "पोरीच्या रुखवताचे सरगुंडे वशाटात घातले! काय केलं हो तुमी! तिची कूस बाटवली!" तुम्ही म्हणालात, "काय बी बोलू नको. लेक हाय माजी, मला कळत न्हाय व्हय तिचं बरं?" पण तुमचा हात तसाच राहिला, घास तोंडापर्यंत गेला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवताना तुम्ही माझ्या कानाशी आलात. "काय झालं तर गाडीत बसायचं आन् होटगीला उतरायचं. कुनाला इचारायचं न्हाय. दार उगडंच हाय." माझ्या लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तुम्ही तापानं गेलात. आई त्यानंतर जगली ती तेच म्हणत. दर भेटीला माझ्या पोटाकडं बघायची आणि म्हणायची, "त्या सरगुंड्यानंच घात केला." मी तिच्याशी भांडायचे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, मी शाळा शिकलेली बाई. पण तेच तेच ऐकून माणूस कुठं तरी झिजतोच हो.

आता आजचं. सासूबाई मोहोळला लेकीकडं गेल्या आहेत. मालक गिरणीत. घरात मी आणि मैंदर्गीहून आलेली ती पोर, दोघीच. तिचं रुखवत माळ्यावर नीट ठेवायचं काम माझ्याकडं होतं. टोपलीवरचं लाल कापड सुटलं आणि आत सरगुंडे. बारीक, एकसारखे, कुणी तरी जीव लावून केलेले. आबा, माझ्या मनात काय आलं ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आई म्हणायची ते खरं असेल तर हिलाही लागू दे. एवढंच आलं. मग मुलाण्याकडून कोंबडी कापून आणली, कढई घासली, परसात दगड मांडले. लसूण ठेचला. टमाटे आता मंडईत मिळतात. ओवा कुंडीत आहे. पाणी बोटभर वर ठेवलं आणि ओंजळ भरून तिचे सरगुंडे सोडले. पळी घातली नाही. कढई धरून हालवली, तुम्ही शिकवलंत तशी.

वास सुटला आणि ती दारात आली. सोळा वर्षांची असेल नसेल. बोटांवरची हळद अजून गेलेली नाही. माझ्याशी चार दिवसांत बोलली नव्हती, तिला कुणी तरी बजावून पाठवलं असणार. कढईत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे माजे की, अक्का?" म्हटलं, आता ओरडेल, रडेल, सासूबाईंना सांगेल. ती म्हणाली, "अव्वानं, माज्या आईनं केलेत. कोंबडीत घालत्यात व्हय तुमच्यात?" मी म्हटलं, "हो. माझ्या वडलांनी घातले होते." "मग द्या की जरा. लई भूक लागलीया. अत्तीम्होरं जेवाय भ्या वाटतंय." सासूबाईंना ती अत्ती म्हणते. आणि बसली की माझ्यासमोर उकिडवी! ताट घेतलं नाही, कढईतच हात घातला. पहिली नळी चोखली आणि जीभ भाजली, "अय्यो!" म्हणून हसली. मला त्या क्षणी वाटलं, कढई उलथून द्यावी, तिच्या हातातला घास काढून घ्यावा. पण मी काहीच केलं नाही. ती खात होती आणि मी बघत होते. "इन्ना स्वल्प," म्हणाली, म्हणजे अजून जरा. मी माझ्या बाजूचेही तिच्याकडं सरकवले. शेवटी बोटं चाटत म्हणाली, "अक्का, अत्ती म्हनत होत्या, मला दिवस गेले की तुमाला धाडून देनार. खरं व्हय? कुटं धाडनार? तुमी गेलाव तर मी कुनाजवळ बसू?"

कुठं, ते मलाही माहीत नाही. गाडी अजून जाते, आबा. तिकीट काढलं की पुढच्याच ठेशनाला होटगी. पण तुमच्या त्या क्वार्टरात आता दुसरा सांधेवाला राहतो, त्याची बायको परसात मिरच्या वाळवते, गाडीतून मी एकदा पाहिली आहे. आई नाही, भाऊ नाही. हे पत्र तरी कुठं टाकू? आईचं म्हणणं खोटं असेल तर या पोरीला मूल होईल आणि मी या घरातून गेले. खरं असेल तर ही पोर माझ्यासारखीच झिजेल, आणि आणखी काही वर्षांनी तिसरीच्या मांडवात आम्ही दोघी पाणी देत फिरू. यातून तिसरी वाट शोधत मी दुपारभर बसले, मला सापडली नाही. तुम्हाला सापडली असती असं वाटून लिहायला घेतलं, पण तुम्हालाही नसती सापडली. तुम्ही फक्त कढई चढवली असती.

ती जेवून तिथंच ओसरीवर झोपली आहे, तोंडाला रस्सा तसाच. मी हात धुतले आणि सवयीनं देवापुढं दिवा लावायला गेले. आईचं म्हणणं खोटं ठरू दे, एवढंच माझ्या तोंडून निघालं. शब्द निघून गेल्यावर मला कळलं, मी काय मागितलं ते.