कुकरची शिट्टी

तळेघर, मंगळवार संध्याकाळ

आठवा महिना सरत आलाय. बाळाला आता बाहेरचं ऐकू येतं, असं घरी विचारपूस करायला येणाऱ्या गावच्या आशाताई म्हणाल्या होत्या. खरंच आहे ते. रोज कुकरची शिट्टी झाली की पोटात दचकतं, लाथ मारतं. आज भाताच्या सगळ्या शिट्ट्या झाल्या तरी हाललं नाही. गूळपाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले. काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "निजलं आसंल गं, लई इचार नको करू." तसंच असेल का? मी पुन्हा पोटावर हात ठेवून बघितलं.

ह्यांनी दवाखान्यात जायला जीप बोलावलीय, तिची वाट बघत लिहितेय. आत्ता पुन्हा शिट्टी ऐकू आली. भात तर कधीच झालाय. उठून बघितलं. भात बाहेर काढून ठेवलाय, सासूबाईंनी नुसतं पाणी घालून कुकर पुन्हा चढवलाय आणि त्या माझ्या पोटाकडे बघतायत.