रेणूच्या वाट्याचं चालणं

१२ जून १९९८, शुक्रवार
आलेला माल : मिक्सर १,४५०. विहिरीवरची मोटर, पाईप धरून, ३,१००. बेसन एक किलो, लिंबं सहा, किरकोळ. एका महिन्यात एवढा खर्च लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. ह्यांनी तोंड वाकडं केलं. म्हटलं, दुकान तुमचं, पोरगी माझी. रेणू इंटर, म्हणजे बारावी, पास झाली, औंदा तिचं जमवायचं. आता पाटा-वरवंटा नाही, रहाट नाही. हात मऊ राहिले पाहिजेत.
बेसन-लिंबू तिच्या मानेसाठी. मागून काळा पट्टा आला आहे. उन्हानं. पंधरा दिवसांत काढते.

१९ जून
पट्टा तसाच. कातडी मात्र निघाली. रेणू ओरडली. उद्यापासून बारीक दगड.

२३ जून, मंगळवार
शेजारच्या विमलबाई शाळेत शिकवतात, त्यांना सगळ्यातलं कळतं. म्हणे, अहो, पोरगी दिवसाढवळ्या झोपून राह्यली, तांब्यावर तांबे पाणी पिऊन राह्यली, दाखवा की डॉक्टरला. स्वतःच घेऊन गेल्या. फी मात्र मी दिली.
रक्तात साखर २६८ निघाली. अठराव्या वर्षी! आमच्या घरात चहाला साखर मोजून, आणि हिच्या रक्तात एवढी.
डॉक्टर तेलुगू, पोरसवदा, हिंदीत बोलतो. म्हणे, अम्मा, मानेवर मळ नाही, रोगाची खूण आहे, घासू नका. मग समजावलं. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंग गिरणीच्या फाटकाबाहेर उभ्या. आत माल नाही म्हणून यंत्र उपाशी. गाडीवान हाका मारतो, चौकीदार ऐकत नाही. तसं तिच्या पायाच्या, मांड्यांच्या मांसाचं झालं आहे. रक्तात साखर उभी, मांसात शिरत नाही, म्हणून थकवा. पण यंत्र फिरलं, की चौकीदाराला न विचारता बाजूचं फाटक उघडतं. म्हणून तिला चालवा, वजनं उचलू द्या, पाणी ओढू द्या. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी.
मला सगळं समजलं. थोडक्यात, पोरीच्या अंगात शक्ती पोचत नाही. म्हणजे आराम आणि पौष्टिक.

२४ जून
आजपासून नियम :
साखर कायमची बंद. गूळ चालेल, तो उसाचा असतो.
सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशीला रेणूचा कडक उपास. फक्त साबुदाणा, भगर, उकडलेले बटाटे, खजूर.
उपासाला गोळी नाही. इतर दिवशी अर्धी, पोट बिघडतं तिचं. पाकीट दुप्पट दिवस पुरेल.
प्रसाद हिशेबात धरायचा नाही. देवाच्या हातचं बाधत नाही.
राहिलं चालणं. उपवर पोरगी मावला गावाच्या रस्त्यानं सकाळ-संध्याकाळ भराभरा चालली, तर लोक काय समजतील? त्यावर तोड काढली. देवीला नवस बोलले : रेणूच्या वाट्याचं मी चालते. पहाटे देवळाला फेरे, तिचं नाव घेऊन. माझ्याच पोटातली आहे. पोचेल.

६ जुलै, सोमवार
फेऱ्यांना सुरुवात करून बारा दिवस झाले. पहिले चार दिवस पोटऱ्या ठणकल्या. वाटलं, तिच्या वाट्याचं दुखणं माझ्याकडे येत आहे. समाधान वाटलं.
रेणू म्हणाली, आई, मी पण येते. म्हटलं, ऊन लागेल, आणखी काळी पडशील. म्हणे, पहाटे कुठलं ऊन? उलट बोलायची सवय लागली आहे. बोथ गावचं स्थळ येऊ घातलं आहे, त्यांना साखरेचं सांगून कसं चालेल?

१५ जुलै
आज दुपारी मोटर बंद आणि रहाट करकरतो आहे. जाऊन पाहते तर रेणू पाणी ओढते आहे. पदर खोचलेला, घामाघूम, तीन घागरी भरलेल्या. म्हणे, आई, पाणी ओढलं की डोकं हलकं होते, झोप नाही येत. हात पाहिले. फोड. तीन हजारांची मोटर आणि फोड!
दोर काढून माळ्यावर टाकला.

२८ जुलै, नागपंचमी
माझे ब्लाऊज सैल झाले. देवळाच्या पायऱ्यांवर दम लागत नाही. ह्यांनी विचारलं, आजारी आहेस का? रेणूचे मात्र उसवून द्यावे लागले. श्रावण आहे, उपास वाढवले आहेत, तरी. नवसाला वेळ लागतोच.

१२ ऑगस्ट
साखर ३११. डॉक्टर चिडला. काय खायला घालता? म्हटलं, काहीच नाही, उपासच करते. उपासाला काय? मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, कंपाउंडरला तेलुगूत काही बोलला, तो हसला. मग डॉक्टर म्हणे, अम्मा, पोरगी चालते ना? म्हटलं, रोज चालणं होतं, एक दिवस खंड नाही. खोटं बोलले नाही. कोण चालतं, ते त्यानं विचारलं नाही.
या डॉक्टरला आपल्या उपासाचं काही कळत नाही. पुन्हा जायचं नाही. मशीनही जुनंच दिसलं.

२७ सप्टेंबर, रविवार
बोथहून चंपतराव आणि सोनाबाई पाहायला आले. कापसाचे अडते. मुलगा दौलत, एकुलता. रेणूला बंद गळ्याचा ब्लाऊज, वरून माझा जाड गोफ. पट्टा दिसला नाही. पोहे त्यांनी दोनदा घेतले.
रेणू बोलता बोलता दोनदा पाण्याला उठली. सोनाबाई म्हणाल्या, बाई, पोरगी काऊन इतकं पाणी पिऊन राह्यली? म्हटलं, उन्हाळा आहे ना. त्यांनी बाहेर पाहिलं. पाऊस पडत होता.
तरी पसंत. देवीची कृपा. विमलबाई कुंपणावरून म्हणाल्या, सांगितलं का त्याईले? म्हटलं, सांगण्यासारखं काय आहे? म्हणे, मखरात बसवून विसर्जन करू नका पोरीचं. शिकलेल्या बायकांची जीभ.

२ डिसेंबर
परवा पाठवणी झाली. ट्रंकेत गोळ्यांचं पाकीट सापडलं, तिनंच लपवलं होतं. काढून घेतलं. सासरी पहिल्याच आठवड्यात गोळ्या? समजावलं : कुणाला बोलू नको, डॉक्टरलासुद्धा नाही. शपथ घातली.
गाडीत बसताना रेणू कानाशी म्हणाली, आई, तिथं माझ्या नावानं कोण चालेल? म्हटलं, मी आहे ना. ती हसली. का हसली कोण जाणे.

११ मार्च १९९९
रेणूचं पत्र. दिवस राहिले, दोन महिने झाले! देवीची ओटी भरली. लिहिते, फार थकवा येतो, घरात गडी आहेत, सासूबाई काडी उचलू देत नाहीत. किती चांगलं सासर! डिंकाचे लाडू करून पाठवले. गुळाचेच. आता दोन जिवांचे फेरे. संध्याकाळीही जाईन.

९ मे, रविवार
हे बोथहून आले. रेणूला नागपूरला भरती केलं आहे. मूल गेलं. साखर चारशेच्या वर होती म्हणे. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आधी कधी होती का? रेणू म्हणाली, नाही. दोनदा विचारलं. दोनदा नाही.
शपथ पाळली पोरीनं.
चंपतराव ह्यांना म्हणाले, व्याही, तिच्या मानीवरचं डॉक्टरनं दाखवलं. म्हणे हे वर्साभराचं जुनं आहे. आमाले सांगाले काय झालं होतं? आमी तिला गादीवर बसवली ना हो.
हे जेवले नाहीत. मोटरकडे पाहत अंगणात बसले.

१४ मे, शुक्रवार
त्या तेलुगू डॉक्टरकडे गेले. रेणूचं विचारायला गेले आणि म्हटलं, चक्कर येते. त्यानं रक्त काढलं. साखर ९२. पायाची पोटरी दाबून पाहिली. खूश झाला. म्हणे, अम्मा, या वयात असं शरीर! चालता वाटतं? म्हटलं, चालते.
म्हणे, छान. ज्याचे पाय चालतात, त्याचीच साखर उतरते. आणि तुमची मुलगी कशी आहे?
फी देऊन निघाले. देवळावरून आले, फेरे घातले नाहीत.
पत्राची नक्कल :
चि. रेणूस आशीर्वाद. शपथ सोडली. डॉक्टरांना खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. लाडू राहिले असतील तर टाकून दे. उठता येईल तेव्हा, ते म्हणतील तेवढं चाल. सासरी गेल्यावर पाणी ओढ, रस्त्यानं फीर. लोक बघतील, तर बघू देत. माझं चालणं तुला पोचलं नाही, ते सगळं माझ्याच अंगी लागलं. दोर माळ्यावरून काढून ठेवला आहे. साखर किती आली, उठून बसलीस का, उलट टपाली कळव. लिहवत नसेल तर कोरं कार्ड टाक, नुसता पत्ता तुझ्या हातचा असू दे.