बारशाआधी

बुधवार, संध्याकाळ. वायोमिंगमधलं मोटेल.

ऑरेगन ट्रेलवर, म्हणजे पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्यांच्या जुन्या वाटेवर, त्यांच्या बैलगाड्यांची चाकोरी बघायला उतरलो होतो. खडकात अजून गुडघाभर खोल आहे. शेजारी कुंपणात एक लहानशी कबर. तान्ह्या मुलाला आईबापांनी इथं पुरलं आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुढे नेल्या, असं पाटीवर होतं. मी मोठ्यानं वाचलं. कशाला वाचलं?

सुधा आमच्या गाडीतून चहासाठी आणलेलं दूध कपात घेऊन आली. कुंपणातून हात घालून तिनं ते मातीवर ओतलं. "थंडच आहे," एवढंच म्हणाली.

आमचा मुलगा ओहायोत पुरलेला आहे. बारशाआधीच गेला, म्हणून त्याला नाव नाही. इतक्या लहान मुलाचे दिवस करत नाहीत, असं वडिलांनी फोनवर सांगितलं. केले नाहीत. लगेच न्यू जर्सीत नोकरी लागली, आम्ही निघालो. नंतर त्याच्याबद्दल कधी बोललो नाही. आणि आज ते दूध. किती पटकन जिरलं.

आत्ता उद्याचा रस्ता सांगत होतो, तर म्हणाली, "अहो, पुढची हॉटेलं कॅन्सल करा. ओहायोला जाऊ."

"ते उलट्या दिशेला आहे, सुधा. फार लांब."

"मग? ड्राइव्ह करायची हौस तुम्हालाच ना?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दगडावर काय लिहायचं? तुमच्या मनात होतं का काही?"

होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी मी ते नाव तिच्या कानात सांगितलं.