मोज्यातली घंटा

ता. ३ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल आमच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. प्रेक्षक सतरा, सगळे तीन वर्षांच्या आतले, आईबापांच्या मांडीवर. मी निळ्या कापडाखाली मासा होऊन पडले होते. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला सतराच्या सतरा जणांनी भोकाड पसरलं. ते शेवटपर्यंत थांबलं नाही.

व्यवस्थापक म्हणतात, घंटा हा थिएटरचा नियम आहे. सोळा तारखेलाही असंच झालं, तर पुढे हॉल मिळणार नाही. ते तुमच्या हाताखाली तयार झालेले, तुमच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत. आम्हाला घंटा माफ करा, अशा दोन ओळी त्यांना लिहाल का?

आईचा गुडघा कसा आहे?

तुमची माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.
तुमची धाकटी

ता. ७ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दोन ओळी लिहिणार नाही. चौतीस वर्षं त्या दारावर मी घंटा दिली. तिसरी झाली की दार बंद, मग बाहेर कुणी का असेना. एकदा तुझ्या आईला दोन मिनिटं उशीर झाला, तर तिलाही बाहेर उभं केलं. तिसऱ्या घंटेशिवाय सुरू होतं त्याला नाटक नाही, पाळणाघर म्हणतात.

निवृत्त होताना मिळालेली पितळी घंटा आता स्वयंपाकघरात असते. आई जेवायला बोलावताना वाजवते, आणि तिसरीनंतर मला पान मिळत नाही. इतक्या वर्षांचं उट्टं काढते आहे. तिचा गुडघा बरा आहे, जीभही.

राग धरू नकोस, लोभ धर.
तुझे बाबा

ता. ११ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

नका लिहू. त्या रंगमंचावरचं प्रत्येक नाटक तुम्ही दारातून पाहिलंत. माझं तेवढं राहिलं, आणि ते न बघताच तुम्ही त्याचं पाळणाघर करून टाकलंत. मला वाईट वाटलं. रविवारी सकाळी अकराला बहुधा शेवटचा प्रयोग. यायचं तर या.

आईला नमस्कार. तुम्हालाही, पण जरा कमी.
धाकटी

ता. १८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी न भेटताच निघालो. थांबलो असतो तर मीच भोकाड पसरलं असतं. तू कापडाखाली होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते सांगतो.

व्यवस्थापकाला म्हणालो, नियम तो नियम, पण आज घंटा मी देणार. पितळी घंटेच्या लोलकाला माझा लोकरीचा मोजा बांधून आणला होता. घरी तसा सराव केला. मोजा काढायचा विसरलो आणि आईची घंटा ऐकू न आल्यामुळे दोनदा जेवणाला मुकलो.

पहिली दिली, कुणी रडलं नाही. दुसरीला माना वळल्या. तिसरीसाठी हात उचलला, तर फ्रॉकवाली एक बया रांगत आली आणि माझी विजार धरून उभी राहिली. मी खाली बसलो. तिने घंटा ओढून घेतली आणि स्वतःच वाजवली. मग बाकीचे कसले ऐकतात? एकामागून एक सोळा तिसऱ्या घंटा झाल्या.

दार लावून घेतलं आणि बाहेरून टकटक झाली. एक आई, कडेवर पोर, धावत आल्यामुळे धापा टाकत होती. माझा हात कडीवर जरा थांबला, खोटं कशाला सांगू. मग दार उघडलं. सतरावी घंटा त्या पोराने दिली.

प्रयोग नऊ मिनिटं उशिरा सुरू झाला. मग कापडातून तुझा हात वर आला आणि सगळी पोरं श्वास रोखून बसली. तशी शांतता त्या हॉलमध्ये मी फार थोड्या वेळा ऐकली आहे. तुझं नाटक फार चांगलं आहे. व्यवस्थापक पुढच्या तारखा देतो आहे. घंटा मीच देणार असं सांगून आलो, तुला विचारायचं राहिलं.

लोभ होताच, आता त्यात कौतुकही धर.
तुझे बाबा

ता. क. दार उघडल्याचं आईला सांगितलं. आज मी तिसऱ्या घंटेनंतर जेवायला गेलो, तर पान वाढलेलं होतं.