एका दारावर पाच पाट्या

३ तारीख, सोमवार
सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ह्यांचा सर्व्हर जुना झाला, महिनाअखेर बंद करणार. बदल्यात नवा देतील. पत्ता – तो आकड्यांचा – तोच राहील. पण आतलं सामान आपलं आपण हलवायचं.
भावोजी म्हणाले, "वहिनी, सोडा हो! लोकांना सांगा, दादा गेला, दुकान मिटलं."
मिटलं म्हणे! पाच जणांच्या वेबसाइट ह्यांच्या भरवशावर आहेत. हे गेल्याला सात महिने झाले, एकही बंद पडू दिलेली नाही. हलवणार. मीच हलवणार.

५ तारीख, बुधवार
ह्यांचं जाडजूड पुस्तक वाचतेय. शाळा सातवीत सुटली, वाचायची खोड नाही सुटली. एक पान तीनदा वाचलं तेव्हा कुठे उमगलं. मशीन एक, पत्ता एक, वेबसाइट पाच. येणारा नाव घेऊन येतो. सर्व्हर यादीत ते नाव शोधतो आणि त्याला त्या खोलीत नेऊन सोडतो. नाव सापडलं नाही, तर यादीत जो पहिला, त्याच्याकडे.
एका दारावर पाच पाट्या! एवढं साधं, मग ह्यांनी कधी सांगितलं का नाही?
मी विचारलंच नाही कधी.

९ तारीख, रविवार
ह्यांच्या वहीत पाचही जणांची नोंद आहे, पण ह्यांनी ठेवलेल्या नावांनी! दातांचे डॉक्टर – दाढदुखी. शिवणवाली – टाचणी. रोपवाटिकावाला – खुरपं. गाणं शिकवणाऱ्या बाई – भसाडी. (त्यांनी हे वाचलं तर!) आणि घड्याळजी – टिकटिक. त्यापुढे दोनच शब्द: चालू ठेवणे.
घड्याळजींचा फोन बंद. मेलला उत्तर नाही. साइट उघडून पाहिली. टेबलामागे एक म्हातारा, डोळ्याला भिंग, मागे भिंतभर घड्याळं. पाच वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही. दुकान कधीच उठलेलं दिसतंय.
जे जितं आहे तेवढंच न्यायचं. चारच.

१२ तारीख, बुधवार
हलवलं! दहा मिनिटं हवेत होते. मग शिवणवालीचा फोन – "काकू, माझ्या फ्रॉकच्या जागी कवळ्या आल्यात!" मागोमाग रोपवाटिकावाला – "आमच्या गुलाबांना दात फुटलेत." चारही नावांना दातांचे डॉक्टरच उघडताहेत.
भावोजी: "मी म्हटलं नव्हतं?"
म्हटलं होतं. जेवले नाही. पुन्हा पहिल्या पानापासून वाचतेय.

१३ तारीख, गुरुवार
सापडलं! यादीत मी वहीतली नावं उतरवली होती. दाढदुखी, टाचणी, खुरपं, भसाडी. बाहेरून येणारा ती घेऊन कसा येईल? ती तर आमच्या घरातली. एकही नाव जुळेना, म्हणून सगळे पहिल्याच्या दारात. खरी नावं घातली. चौघं आपापल्या घरी.
खूप हसले. हे असते तर वर्षभर चिडवलं असतं. मग हसू थांबलं.

१७ तारीख, सोमवार
दातांच्या डॉक्टरांचा फोन. "काकू, एक बाई रोज सकाळी नऊला फोन करतात. विचारतात, घड्याळांचं दुकान कुठे हलवलं? मी म्हटलं, इथे दात बसवतो. तर म्हणाल्या, माझे आहेत अजून!"
हसता हसता वही ओढली. टिकटिक. नाव यादीत नाही, म्हणून त्या डॉक्टरांच्या दारात. नंबर घेतला.

१८ तारीख, मंगळवार
सकाळी सातलाच फोन लावला. त्या घड्याळजींच्या बायको. तेही पाच वर्षांपूर्वी गेले. "सकाळी चहा घेताना दुकान उघडते मी. हे दिसतात. तुमच्या मालकांना म्हटलं होतं, आता कशाला ठेवता? तर म्हणाले, राहू द्या, माझ्या दाराला एक पाटी जड नाही."
मला म्हणाले नव्हते.
जुनं मशीन अजून चालू आहे. बसल्या बैठकीत टिकटिकचं सगळं नव्यावर आणलं. नाव तीनदा तपासलं. नऊच्या आधी दुकान उघडलं.
त्यांचा फोन आला. "दिसले हो!" मग म्हणाल्या, "तुमच्या ह्यांना कुठे बघायचं?"
पाच जणांची दुकानं मांडली ह्यांनी. स्वतःचं एक पानही नाही.

१९ तारीख, बुधवार
सहावं नाव घेतलं. एक पान, एक फोटो – मशीन उघडून बसलेत, पाठमोरे. यादीत सर्वांत वर घातलं. आता वाट चुकलेल्याला आधी हे भेटतील.