हेइसुकेला काहीच न देण्याबाबत

मी, तोमिए कुवाबारा, वय एक्क्याऐंशी, राहणार गुजो, योशिदा नदीचा काठ, धंदा हॉटेलांच्या काचेत मांडायचे नकली पदार्थ बनवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि पोटभर न्याहारी करून हे मृत्युपत्र सांगत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोळ्यांचा दाखला कोणी मागितला नाही, पण मिसो सूपच्या दोन छटांतला फरक मी अजून पाच पावलांवरून ओळखते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घरजावई होऊन आमचे आडनाव घेतलेले यजमान अकरा वर्षांपूर्वी वारले, आणि असतानाही त्यांचा विशेष दबाव नव्हता.

या कागदाची कामे दोन. एक, वाटणी. दुसरे, माझा धाकटा भाऊ हेइसुके याच्यावर बावीस वर्षांपूर्वी मी घातलेला आळ उतरवणे. पहिले सोपे आहे म्हणून आधी घेते.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि मागचे पर्सिमनचे झाड माझी मुलगी चिनात्सु हिला. ती नागोयात नकली दात बनवते. आई नकली जेवण करते आणि लेक ते चावायला नकली दात करते, असे गावात बोलतात. बोलू देत. दातांचा रंग जुळवताना ती माझ्यासारखीच काडीच्या टोकाने रंग घेते हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्या दिवशी मला फार बरे वाटले.

कलम २. जावई ताकुरो याला भाजलेल्या वाम माशाचा एक तुकडा. हा रेझीनचा असून त्यावर जावयाच्या पुढच्या दातांच्या खुणा आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या नव्या वर्षाला तो कोणाला न विचारता कारखान्यात शिरला आणि ताटात तोंड घातले. "आई, मला फसवलंत," असे तो अजून म्हणतो. धंद्यात याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही. त्याने तुकडा जपावा आणि पुन्हा चावू नये.

कलम ३. कारखाना, साचे, रंगांच्या बाटल्या आणि वजनकाटा हारुए हिला. ती तीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे, आणि "बाई, मी तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य तिने इतक्यांदा गिळले आहे की तिला कारखाना देणे भागच आहे. रंगांची वही मी कधी ठेवली नाही. म्हणून नोटरीसाहेबांची क्षमा मागून इथेच सांगते.

मिसळायच्या कपात रंग गडद दिसला म्हणून हात आखडू नये. वाडग्यात पसरला की तोच रंग आजाऱ्यासारखा फिका पडतो. जेवढा थर ओतायचा तेवढ्याच थरात रंग पाहावा. ग्लासातल्या पाण्यात निळ्याचा एक कण घालावा, नाहीतर रेझीन पिवळे पडत जाते आणि दोन उन्हाळ्यांत पाण्याचा चहा होतो. मिसोचा पांढुरका ढग मिश्रण घट्ट होऊ लागल्यावरच सोडावा. आधी सोडला तर तळाशी जाऊन झोपतो. शंभर भाग रेझीनला पाच भागांवर रंग गेला तर ते नीट धरत नाही, चिकट राहते. आणि ज्यात पाणी आहे असे काहीही रेझीनमध्ये घालू नये. हा शेवटचा नियम मी सगळ्यांना शिकवला आणि स्वतः मोडला, त्याचे पुढे येईलच.

कलम ४. माझ्या पश्चात घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात माझ्यापुढे रोज सकाळी खरा, गरम भात ठेवावा. यजमानांपुढे मी सकाळच्या गडबडीत अकरा वर्षे नकलीच वाटी ठेवत आले. पांढऱ्या रेझीनचा भात आहे, दाणा न् दाणा सुटा, पण तरी भात तो नव्हेच. वर भेट झाल्यावर ते काय बोलणार आहेत हे मला ठाऊक आहे.

कलम ५. माझा भाऊ हेइसुके याला मी काहीही ठेवत नाही. घर नाही, साचा नाही, रंगाची एक काडीदेखील नाही. हे रागाने केलेले नाही. नोटरीसाहेबांनी मला तीनदा समजावले की मृत्युपत्र तयार झाले की ते दोन साक्षीदारांसमोर, मला समोर बसवून, मोठ्याने वाचले जाते, आणि ज्याला त्यातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. बावीस वर्षांत हेइसुके माझ्या दारात आलेला नाही. उन्हाळ्यातल्या नाचाला आम्ही दोघे एकाच रिंगणात असतो, तो माझ्या बरोबर समोर. रिंगण फिरते, अंतर तेवढेच राहते. त्याला माझ्यासमोर बसवून ऐकवायचा हा एकच मार्ग मला सापडला. नूडलवाले ताबुची माझ्या वतीने त्याच्याकडे गेले.

"ताईनं तुझ्या नावानं काहीच ठेवलेलं नाही. साक्षीदार म्हणून चल," ताबुची म्हणाले.

"खरंच काही नाही?"

"कवडी नाही."

"मग येतो," तो म्हणाला.

आता मुद्द्याची गोष्ट. बावीस वर्षांपूर्वी, हेइसुके माझ्याच कारखान्यात असताना, स्टेशनाजवळच्या एका हॉटेलाने चाळीस वाडगे सोया रामेन, म्हणजे सोया सॉसच्या रश्शातल्या नूडल्स, मागवले होते. मी चारचौघांत फुशारकी मारली होती की माझा रस्सा आणि खरा रस्सा शेजारी ठेवले तर हॉटेलवालाच चुकून माझा पिईल. त्या सकाळी हेइसुकेने रेझीन आणि ते घट्ट करणारा हार्डनर वजन करून एकत्र केले आणि तो केस कापायला गेला. रंग माझ्याकडे होता. तपकिरी घातला, लाल घातला, हिरव्याचा ठिपका घातला. रस्सा काही केल्या जिवंत होईना. हार्डनर पडला की मिश्रण वाट पाहत नाही. शेल्फावर सोया सॉसची बाटली होती. मनात आले, नक्कल कशाला करायची, मूळ मालच घालू. मी दोन मोठे चमचे घातले. रंग असा उतरला की मी एकटीनेच त्या भांड्याला वाकून नमस्कार केला, आणि चाळीसही वाडगे भरले.

तीन दिवसांनी वाडगा तिरपा केला की वरचे नकली अंडे घरंगळत होते. पाचव्या दिवशी मुंग्या आल्या. सगळ्या कामगारांसमोर मी म्हणाले, "हेइसुके, हार्डनर मोजताना डोळे कुठे होते तुझे?"

"ताई, मी नीट मोजला होता."

"मग धरलं का नाही?"

तो काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चुकलं असेल माझं." हॉटेलवाल्यापुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून माफी मागितली ती त्याने. मी मागे उभी राहून मान डोलावली. महिन्याभरात त्याने पुलापलीकडे याच धंद्याचे स्वतःचे दुकान टाकले. मी गावभर सांगितले की तो कृतघ्न आहे. मुंग्यांबद्दल मला कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

तर मी येथे जाहीर करते की हेइसुकेने हार्डनर बरोबर मोजला होता. चूक माझी होती, आणि खोटे बोलणेही माझेच होते. मला त्याची लाज वाटते. मेल्यानंतर वाचले जाईल असे लिहून ठेवणे सोपे गेले असते, पण मग तो मला काही बोलू शकला नसता. दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय हा कागद बाद आहे. त्याने सही नाकारली तर माझे घर, कारखाना आणि वामेचा तुकडा, सगळेच अधांतरी राहील, आणि त्याबद्दल कोणी त्याला बोल लावू नये.

ठिकाण : गुजो. दिनांक : १४ नोव्हेंबर, रेइवा सहावे वर्ष (२०२४).

करून ठेवणार : तोमिए कुवाबारा (सही व शिक्का)

साक्षीदार १ : योइची ताबुची, नूडलवाले (सही व शिक्का). यांनाही काही मिळत नाही, म्हणून दुपारचे जेवण माझ्याकडून.

नोटरीची नोंद : वाचन संपल्यावर साक्षीदार क्रमांक दोन यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. नंतर त्यांनी सही करून शिक्का उमटवला आणि त्याखाली स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला. असा मजकूर लिहिण्याची पद्धत नाही हे मी निदर्शनास आणले. ते थांबले नाहीत. मजकूर जसाच्या तसा ठेवला आहे.

साक्षीदार २ : हेइसुके कुवाबारा (सही व शिक्का). ताई, त्या दिवसापासून मी हार्डनर तीन-तीनदा मोजतो. बायको हसते, गिऱ्हाईक ताटकळतं, तरी मोजतो. मला वाटायचं हातच खोटा आहे माझा. उद्या सकाळी आठला माझ्या दुकानात ये. मी एकदाच मोजणार आहे, तू समोर उभी राहा.